नापास टाका

"हा टाकापण नाही चालणार," विजयश्री म्हणाली आणि डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

ज्योतीरामने सोल्डरगन स्टँडला लावली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग वरच्या पत्र्याकडे. दापोडीत रेल्वेच्या कडेला, बोळाच्या टोकाशी त्याचं दुकान होतं: एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर उघडे पडलेले गाड्यांचे मेंदू. दिव्याखाली आता विजयश्रीच्या गाडीचा होता, गिअर सांभाळणारा. एका पिनेचा सोल्डरचा टाका तडकलेला, दुखणं म्हणाल तर एवढंच. पण त्यापायी गाडी चालता चालता गिअर सोडून द्यायची आणि भर मोशी चौकात, मागे ट्रकांची रांग ओरडत असताना, नुसती घुमत उभी राहायची.

शोरूमवाल्यांनी टाक्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. अख्खा कॉम्प्युटर बदला म्हणाले, आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरी जुनी गाडी दारात आली असती. भंगारातला आणून बसवावा, तर परका मेंदू गाडी ओळखत नाही. म्हणजे जगवायचा तो हाच. आणि गाडीही हीच लागणार. हिला क्लचचं पायडल नव्हतं, आणि अपघातानंतर विजयश्रीचा डावा घोटा पट्ट्या-स्क्रूंनी असा जखडला होता की काही दाबणं त्याच्याच्याने होत नव्हतं. गाडी नसली की दिराच्या मोटरसायकलवर मागे. त्याच्या वेळेने निघायचं, त्याचा तोरा सोसत उतरायचं. उद्या तिची सकाळची पहिली शिफ्ट होती.

पहिला टाका तिने नापास केला तेव्हा तिचं बरोबरच होतं. तो निवत असतानाच लोकल गेली, टेबल थरथरलं आणि सोल्डर राख फासल्यासारखं मंद झालं. ज्योतीरामनेही ते कबूल केलं. तेव्हापासून तो कान रुळांकडे लावूनच काम करत होता. गाडी आली की हात वर, गाडी गेली की हात खाली. दुसऱ्या टाक्यात सोल्डर जास्त झालं, त्याचं पोट सुटलंय, असं तिचं म्हणणं पडलं. त्याने कुरकुरत तोही काढला. आता हा तिसरा. गोल, चकचकीत, पण कडेला सुईच्या टोकाएवढी खोच.

चाकणच्या कंपनीत विजयश्री असलेच बोर्ड तपासायची. समोरून पट्टा वाहत राही, भिंगात खोच दिसली की बोर्ड लाल क्रेटमध्ये. त्यात मन घालायचं नसतं, नुसता हात घालायचा.

"परत करा भाऊ. आमच्याकडे असला टाका पुढे जात नाही."

"तुमच्याकडं एक नापास झाला की मागनं दुसरा येतोय, ताई," ज्योतीराम म्हणाला. "माझ्याकडं मागनं काय येतंय? लोकल."

विजयश्री भडकली. आपण इथे थट्टा ऐकायला आलेलो नाही, म्हणाली. हायवेवर हा टाका सुटला आणि मागून ट्रक आला तर कुणाच्या नावाने बोंबलायचं, तेही एकदा सांगून ठेवा, म्हणाली. ज्योतीरामने दिवा जवळ ओढला, भिंग उचलून तिच्या हातात दिलं, आणि टाका नका बघू, त्याच्या खाली बघा, म्हणाला.

ती वाकली. टाका ज्या तांब्याच्या टिकलीवर बसतो, ती टिकली एका बाजूने बोर्डापासून किंचित उचलली होती. पहिल्यांदा तापवली तेव्हा टिकलीने बोर्डाला धरून ठेवलं होतं. दुसऱ्यांदाही ठेवलं होतं. तिसऱ्यांदा मात्र पदर सुटला होता.

"अजून एक डाव तापवली की ही सगळीच उचलून येणार," ज्योतीराम हळू आवाजात म्हणाला. "टाका मग झ्याक मारून देतो, ताई. पण कशावर मारू?"

विजयश्रीला संताप आला. शोरूमचा आला, रेल्वेचा आला, जखडलेल्या घोट्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो आधी खोचच शोधणाऱ्या स्वतःच्या डोळ्याचा. दोनदा तिनेच तापवायला लावलं होतं. आपल्या हातून लाल क्रेटमध्ये गेलेल्या बोर्डाचं पुढे काय होतं, हे इतक्या वर्षांत तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

लोणावळ्याकडची गाडी आली. टेबलावरचे स्क्रू वाजले. करायला काही नसताना ज्योतीरामचा हात सवयीने वर गेला आणि गाडी जाईपर्यंत तसाच राहिला.

"बसवा," ती म्हणाली. कुणाला तरी रागवावं तसं.

त्याने सुटलेल्या कडेला चिकट मसाल्याचा थेंब सोडला, तो दिव्याखाली सुकवला, झाकण लावलं आणि बॉनेट उघडून मेंदू जागेवर बसवला. ट्रायलला तो तिच्या शेजारी बसला. विजयश्रीने स्टेअरिंग असं आवळलं की बोटं पांढरी पडली. पहिला गिअर पडला. मग दुसरा, हिसका न देता. ती तोंडाने बोलतच होती. कुठेतरी खडखड होतेय म्हणाली, तुम्ही स्क्रू नीट आवळला नसणार म्हणाली, पुढचा रिक्षावाला बघा कसा चालवतोय म्हणाली. त्यातच तिसरा पडला, आणि तो पडला कधी हे तिला कळलंही नाही. ती बोलायची थांबली. कासारवाडी आली. गेली.

"ताई," ज्योतीराम मान मागे वळवून म्हणाला, "दुकान मागं राहिलं. शटर उघडं हाय."

"राहू द्या भाऊ," नाशिक फाट्याचा पूल समोर चढत असताना विजयश्री म्हणाली, "अजून चौथा पडायचाय."