परका हात

कुमुदिनी मेथी निवडून घेत होती, तेवढ्यात मंडईच्या दुसऱ्या टोकाला एक फोन बोंबलायला लागला. "चोरी! हा माझा मालक नाही!" लोक तिकडे धावले. हल्ली प्रत्येक फोन हाताची पकड ओळखायचा आणि परका हात लागला की असा गळा काढायचा. त्यामुळे फोनचोर जवळपास नाहीसेच झाले होते.

गर्दीत घुसून तिनं पाहिलं, तर एका भाजीवाल्यानं तिच्या नवऱ्याचा, भास्कररावांचाच दंड धरला होता.

"अहो, सोडा यांना! फोन यांचाच आहे!"

"काकू, फोन चुकत नाही," भाजीवाला म्हणाला.

तिनं फोन आपल्या हातात घेतला. घरातलं माणूस म्हणून तिची पकडही त्यात नोंदवलेली होती. तो लगेच गप्प झाला. लोक ओशाळून पांगले. भास्करराव मात्र घामाघूम झाले होते.

"बिघडलाय मेला," ते घाईघाईनं म्हणाले. "चल, दुकानात टाकून येऊ."

त्यांना सावरायला तिनं त्यांचा हात धरला. अंगठा थरथरत होता. तिनं घट्ट दाबून धरला, तरी थांबेना.

"हे कधीपासून?"

ते दुसरीकडे बघत राहिले. "उन्हाळ्यापासून. तू उगाच काळजी करत बसशील म्हणून..."

"फोन बिघडलेला नाही," ती म्हणाली आणि हात न सोडता तिनं रिक्षा थांबवली. "दवाखान्यात घ्या."