गोजरबाईंच्या आंदणाचे कपाट

वाचकहो, एका सागवानी कपाटाच्या मोडक्या खणाने वामनराव नामक सुस्वभावी गृहस्थाच्या जिवाची कशी काहिली केली, त्याचे यथामती निवेदन पुढे करीत आहे. शेवटापर्यंत धीर धरावा, ही विनंती.

"पुंजाजी, तुही वहिनी मलकापुराहून निंघाली. ते यायच्या आत ड्रॉवर नीट झाला पाह्यजे!" वामनराव उंबऱ्यातच म्हणाले.

"होते ना, भाऊ. मले बसू तं द्या," असे म्हणून पुंजाजी मिस्त्रीने थैली उघडली. तिच्यातून पटाशी, हातोडी आणि जुन्या सागाची कापलेली एक फळी निघाली.

कपाट गोजरबाईंच्या आंदणाचे होते. बायकोच्या आंदणाला तिच्या परवानगीवाचून हात लावू नये, ही त्या घराण्याची रीत. आणि वामनरावांनी ती उभ्या संसारात मोडलेली नव्हती.

खालचा खण पुष्कळ वर्षांपासून अडकत असे. मूठ निखळली, तळ खचला. "मिस्त्री बोलवा," असे बाई म्हणत, आणि वामनराव "पाहू" म्हणत. पुढे बाईंनी तो विषयच सोडून दिला.

दिवाळीनंतर मात्र त्या खणाला अकस्मात कुलूप लागले. किल्ली बाईंच्या कमरेला. वामनरावांची चाहूल लागताच बाई खण लगबगीने आत लोटीत.

"काय हाय त्याच्यात?"

"माह्यं हाय. तुमाले काऊन पाह्यजे?"

एवढे बोलून बाई गालात हसत. त्या हास्याने वामनरावांच्या ताटातील अन्न बेचव झाले. ज्या बाईने आजवर एक शब्द लपविला नाही, तिने असे काय दडविले असावे?

बाई मलकापुरास लेकीकडे, जयमालाकडे, गेल्या आणि वामनरावांचा संयम सुटला. त्यांनी पेचकसाने कोयंडा उचकटून खण ओढला. तळ फाटला, दर्शनी फळी हातात आली. आत फडक्याची एक पुरचुंडी होती. त्यांनी ती सोडली, तो तिच्यात त्या खणाचीच निखळलेली पितळी मूठ! दुसरे काहीही नाही. म्हणजे खरी वस्तू बाई सोबत घेऊन गेल्या असणार! संशय गेला नाही तो नाहीच, वर रीत मोडल्याचे पाप मात्र पदरी पडले.

"भाऊ, हे कशानं तुटलं?" पुंजाजीने विचारले.

"उंदरानं."

"आता उंदीरही पेचकस चालवून राह्यले का?"

"तू काम कर बे! आन् वहिनीले काही सांगू नको."

"माह्या तोंडातून शब्द निंघणार नाही."

थैलीतील फळी तळाला अशी चपखल बसली, की तासण्याचीही गरज पडली नाही. वामनरावांचे चित्त मात्र रस्त्याकडे लागले होते. पुंजाजीने दर्शनी फळी जोडून तिला मूठ बसविली, पट्ट्यांना मेण चोळले व कुलपासकट उचकटलेला कोयंडा पुन्हा जागी ठोकला. इतक्यात दाराशी ऑटो थांबला.

गोजरबाई तडक कपाटापाशी आल्या. किल्ली फिरवून त्यांनी एका बोटाने मूठ ओढली. खण आवाज न करता सरकत बाहेर आला.

वामनरावांच्या कपाळी घाम फुटला. आता लपविणे त्यांना असह्य झाले.

"जयमालाची माय, मीच तोडला. तुह्या मनात काय हाय ते मले समजेना. रीत मोडली माह्याकडून. तू माह्याशी बोलणं टाकू नको, बस!"

बाईंनी खण हलकेच आत लोटला.

"झालं ते झालं. जा, पाणी आणा घोटभर. उन्हातून आली मी."

एवढी क्षमा! वामनराव माठाकडे वळले. असल्या साध्वीवर आपण संशय घेतला, या विचाराने त्यांना माठापाशी स्वतःची लाज वाटली. डोळे पुसून, पेला भरून ते परतले आणि दाराशीच थबकले.

आत गोजरबाई खणाचे कुलूप काढून पदराने पुशीत होत्या.

"पुंजाजीभाऊ, मी देल्ल्या मापाची फळी बराबर बसली ना? आता हे कुलूप धान्याच्या कोठीले लावीन. तिचंही दार कवाचं मोडलं हाय!"

येथेच लेखणी ठेवितो. आपण आपला अमूल्य वेळ दिलात, त्याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
भगवानराव, खामगाव