गोरसपाकाचा वास

“गोरसपाक आणला का वं पोरी पिशवीत?” दार उघडल्याउघडल्या नलूकाकूंनी विचारलं.

पौर्णिमा हसली. पिशवीत गोरसपाकाची तुपाळ बिस्किटं नव्हती, काहीच नव्हतं. वास तिच्या अंगालाच होता. भाजलेली साखर, आटवलेलं दूध, व्हॅनिला आणि मागून हळूच येणारं तूप. नर्सची नोकरी लागली तेव्हा तिनं आधी ही सेंटची चौकोनी बाटली घेतली, मग छत्री. मैत्रिणी म्हणायच्या, शिऱ्यासारखा सेंट कोण लावतं, काहीतरी हलकं, फुलांचं घे. आई म्हणायची, मुंग्या लागतीन तुले. पौर्णिमानं कोणाचंच ऐकलं नाही. दिवसभर ती स्पिरिट आणि फिनाइलच्या वासात असायची. ड्यूटी संपली की आंघोळ करायची, दोन्ही मनगटांवर आणि मानेवर फवारा मारायची आणि बाहेर पडायची. आपण पोचायच्या आधी आपला वास आत गेला पाहिजे, अशी तिची हौस.

“सेंट आहे काकू,” ती म्हणाली. “मी पौर्णिमा पाटील. वरच्या खोलीसाठी फोन केलता.”

“पाटील का? ये, ये. माहं नाक लय तेज आहे, म्हणून विचारलं.”

सिंदी मेघेतली ही खोली तिला हवीच होती. होस्टेल महिनाअखेर सोडायचं होतं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आई यायची होती. याआधी दोन खोल्या हातच्या गेल्या होत्या. दोन्हीकडे आधी हो म्हणाले, मग वडिलांचं नाव विचारलं. पाटील हे आडनाव इकडे जुन्या शेतकरी घरांतही असतं आणि बौद्धांतही. पण वडिलांचं नाव नागसेन म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही. दोन्हीकडून संध्याकाळी फोन आला, खोली कालच दिली म्हणून.

नलूकाकूंनी मात्र वडिलांचं नाव विचारलंच नाही. नाकावर एवढा भरवसा असलेली बाई कशाला विचारेल! त्यांनी तिला सरळ जिन्यानं वर नेलं. खोली बघताक्षणी पौर्णिमाला आवडली. खिडकीशी आईची खाट मावत होती आणि खाटेसमोरच्या भिंतीत एक मजबूत खिळा होता. आईची बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर तिथं बरोबर बसली असती.

खाली आल्यावर काकूंनी चाबी तिच्या हातात दिली आणि चहा टाकला. चहा घेऊन आल्या, कप टीपॉयवर ठेवले आणि लाजत लाजत हात पुढे केला.

“मलेही लाव ना जरासा.”

पौर्णिमानं त्यांच्या मनगटावर फवारा मारला. काकूंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग तो हात पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याच्या नाकाखाली नेला.

“पाहा, तुमी कधी असं काही आणलं का माह्यासाठी?”

“हे खाचं का लावाचं?” नत्थूजींनी विचारलं.

तिघंही हसले. पौर्णिमाला वाटलं, आईचं या बाईशी चांगलं जमेल. दुपारी दोघी पायरीवर बसून गोष्टी करतील.

“बरं झालं बाई, आपल्यातलीच भेटली,” मनगट हुंगत काकू म्हणाल्या. “मांगं एक पोरगी येऊन गेली. नाव चांगलं सांगतलं, कपडे चांगले. पण म्या दारातूनच ओळखलं. त्या लोकायच्या अंगाले वासच वेगळा येते. माह्या नाकाले कोणी फसवू शकत नाई.”

पौर्णिमाच्या मुठीत चाबी होती. गप्प बसलं असतं तर भागलं असतं. आईला सांगायचं, तसबीर पेटीतच राहू दे, फोनवर जयभीम हळू म्हण. डोळ्याची पट्टी सुटल्यावर आई समोरची भिंत बघेल आणि तिथं नुसता खिळा असेल. हे मनात आलं आणि पौर्णिमाला संताप आला.

“काकू, तुमचं नाक फसलं,” ती म्हणाली. “माह्या वडलाचं नाव नागसेन. आम्ही बौद्ध आहो. जयभीम.”

नाकाकडे निघालेला काकूंचा हात मध्येच थांबला. नत्थूजींनी पेपर तोंडासमोर धरला.

“तसं नाई बाई,” काकू म्हणाल्या, “आमाले त्याचं काही नाई. पण मले आता आठवलं, ते खोली... कालच एकाले शब्द देल्ला होता म्या.”

पौर्णिमानं चाबी टीपॉयवर ठेवली. कप उचलला आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायली. मग उठली, दाराशी जाऊन चप्पल घातली.

वळून पाहिलं तर काकू पदरानं मनगट घासत होत्या. वास पदराला लागला होता. त्या जोर लावून घासत होत्या आणि दूध-साखरेचा तो दरवळ स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता.

“घासू नका काकू,” पौर्णिमा म्हणाली. “घासल्यानं अजून उठते. आमाले नाई ठेवलं तुमी, पण हा उद्यापर्यंत राहीन तुमच्या घरात.”