मशीनचा डोळा

मशीनचं टेबल सरकत गेलं, परत आलं. कॉम्प्युटरवर शून्य यायला हवं होतं. सात आला.

"बघ," वाल्मिक म्हणाला. "दसऱ्यापासून हेच चाललंय. तुझं वायरिंग."

धर्मेंद्र आपलं सोल्डरिंगचं सामान पिशवीत भरत होता. भंगारातलं लोखंड आणून दोघांनी पांडेसऱ्याच्या या पत्र्याच्या खोलीत धातू कोरणारं मिलिंग मशीन उभं केलं होतं. आज भागीदारी मोडली.

वाल्मिकची आई पुष्पाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "मी पहिल्यापासून सांगत होते. बोलायला गोड, कामाला बोथट. माझ्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाल्ल्या आणि माझ्याच पोराचं वाटोळं केलं."

"मावशी, जाण्याआधी एकदा डोळा बघू द्या."

"बघ की. तुझेच फुटलेत."

डोळा म्हणजे टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या टोकाला बसवलेली बारीक फटींची चकती. फटींतून दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजायचं, त्यावरून टेबल कुठवर गेलं ते कॉम्प्युटरला कळायचं.

धर्मेंद्रने पत्र्याचं झाकण उचललं. चकतीवर तेलात कालवलेलं कुंकू. कडेच्या फटी बुजलेल्या.

पुष्पाबाईचं बोट पदरात गेलं. दसऱ्याला मशीन तिनेच पुजलं होतं. नुसत्या लोखंडाला काय कुंकू लावायचं, म्हणून झाकण उचलून थेट डोळ्याला लावलं होतं.

धर्मेंद्रने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वाल्मिककडे पाठ करून खिशातल्या रुमालाने चकती पुसली, फट न फट. झाकण बसवलं.

"चालव."

टेबल गेलं, आलं. शून्य. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. शून्य.

"काय होतं रे?" वाल्मिकने विचारलं.

"वायर ढिली होती," धर्मेंद्र म्हणाला. "चूक माझीच."

"म्हणजे आई खरं तेच बोलत होती. जा बाबा तू."

पुष्पाबाई दारातून बाजूला सरकली. धर्मेंद्रने पिशवी खांद्याला अडकवली. "येतो मावशी," म्हणून तो तिच्या बाजूने बाहेर पडला. खिशातून रुमालाचं लाल टोक लोंबत होतं.

तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला.

"ए धर्मेंद्र!" पुष्पाबाईचा आवाज नेहमीसारखाच कडक. आत वाल्मिकने मान वळवली.

"तो रुमाल इकडे आण. माझ्या हातचं कुंकू आहे ते. मीच धुईन."