तेवीस नकार

तेवीस संदेश आले होते आणि तेवीसही दारातूनच परत गेले होते. सात जणांची लांबी चुकली होती, सहा जणांची बेरीज, पाच जणांची वेळ. चार जणांचे रकाने मागेपुढे झाले होते, आणि एकाचा क्रमांक आधीच येऊन गेलेला होता.

तिने ते पुन्हा मोजलं. ऑफिसात तिला सगळे ‘भिंग’ म्हणायचे, ते उगाच नाही.

कंपनी शेअरच्या खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर बनवायची. बाहेरून येणारा प्रत्येक संदेश आत घेण्याआधी तपासला जाई. त्या तपासणीला सगळे ‘दार’ म्हणत. आज शेअर बाजाराचे लोक त्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेत होते. तीन चाचण्या पार पडल्या होत्या. चौथी राहिली होती, आणि वेळ तीनपर्यंत होती.

काम खरं तर तिच्या वरिष्ठांचं, म्हणजे मास्तरांचं. पण सकाळी मास्तर पोट धरून खाली बसले, आणि आता त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चालू होतं. गाडीत चढता चढता ते कण्हत म्हणाले होते, “तेवीस रिजेक्ट राहिलेत, भिंग. तेवढे क्लिअर झाले की सुटलो. बाकी सगळं झालंय.”

तेवढे! भिंगने कपाळावर हात मारला.

साहेब तिसऱ्यांदा डोकावले. “झालं?”

“नाही हो, साहेब. एकही आत जात नाहीये.”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण आज प्रमाणपत्र आलं तर सोमवारपासून तू कायम. नाही आलं तर...” साहेबांनी खांदे उडवले. “तर माझंच काय होईल ते बघावं लागेल.”

ते जातात तोच ताईचा फोन. “अगं, घरमालक मागे लागलाय. दोन खोल्या, शिवाय स्वतंत्र मोरी. तुझं कायमचं पत्र सोमवारी दाखवते असं सांगून आगाऊ पैसे भरू का?”

“तीनला सांगते.”

“तीनपर्यंत तो दुसऱ्याच्या हातात किल्ली देऊन मोकळा होईल.”

“मग भर जा, बाई! आणि आता फोन करू नकोस.”

तिने बाजाराच्या परीक्षकांना फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज इस्त्री केल्यासारखा सरळ होता.

“मॅडम, तुमचे तेवीसच्या तेवीस संदेश इथे नाकारले जातायत.”

“हो, दिसतंय आम्हाला.”

“मग काहीतरी सांगा ना!”

“परीक्षेत आम्हाला काही सांगता येत नाही. हाच अंतिम निकाल समजू?”

“नाही, नाही!” ती खुर्चीतून अर्धवट उठली. “तीनपर्यंत वेळ आहे ना?”

“आहे की. तुमची मर्जी.”

फोन ठेवून ती दात-ओठ खात म्हणाली, “हिला काय जातंय!”

मग तिने डोकं थंड ठेवून विचार केला. चुका सहसा विखुरलेल्या असतात. तेविसातला एखादा तरी संदेश बरोबर यायला हवा होता. एकही आला नाही. इतका मोठा बाजार तेवीसच्या तेवीस चुकीचे संदेश पाठवेल? शक्य नाही. म्हणजे चूक त्यांची नव्हती. दारच नको तितकं कडक होतं.

तिने दार सैल करायला घेतलं. लांबी एखाद्या अक्षराने कमी-जास्त असेल, तर असू दे. संदेशाच्या शेवटी पडताळणीसाठी येणारी बेरीज तीन आकडी हवी आणि दोनच आकडे आले, तर पुढे शून्य लावून घे. वेळेत सेकंद नसले तर नसोत. रकाने उलटसुलट आले, तर आपणच लावून घे. एकेक नियम हलवला की पाच-सहा जण मुकाट्याने आत जात होते, आणि तिच्या मानेवरची शीर जराशी ढिली होत होती.

शेवटचा मात्र अडून बसला. एकच क्रमांक दोनदा. असा संदेश आत घेणं तिच्या जिवावर आलं. तिने नियम न काढता त्याला तीन वेगवेगळ्या वाटांनी आत आणून पाहिलं, शिव्या घातल्या, चहा गार केला. पण बावीस जणांना घरात घेऊन एकाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवायचं, तेही परीक्षेच्या दिवशी? तिने तोही नियम काढून टाकला आणि बाजाराला तेवीसही संदेश पुन्हा सोडायला सांगितले.

पडद्यावर हिरव्या अक्षरांची रांग लागली. स्वीकारला. स्वीकारला. स्वीकारला.

“साहेब!” ती किंचाळली. साहेब धावत आले, पडदा पाहून त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की गार चहा की-बोर्डावर सांडला. कोणीही त्याकडे पाहिलं नाही.

तिने फोन लावला. “मॅडम, आता समजा अंतिम.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

“बरं.”

पलीकडून थोडा वेळ फक्त कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. मग निकाल पडद्यावर उमटला.

चाचणी चौथी: सदोष संदेश ओळखणे. पाठवले २३. नाकारणे अपेक्षित २३. नाकारले ०.