चष्मेवाल्याचा पगार

"पगार आला की या माणसाच्या हाताला भोकं पडतात," घरमालकीण जिन्यात उभी राहून म्हणाली. तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं. जायलाच हवं होतं.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, तो वरच्या खोलीतला भाडेकरू समोरच मान खाली घालून उभा होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, म्हणून ती त्याला चष्मेवाला म्हणायची. पगार महिना अठरा हजार. या शहरात एवढ्यात भागत नाही, नोकरी सोडून गावी जातो, असं सांगायला तो आला होता. बायको आणि सहा महिन्यांची मुलगी तिकडे माहेरी वाट बघत होत्या. त्यांना इथे आणायचा विषय संपलाच होता.

"भागत नाही म्हणे! नळ सोडून दात घासतोस, टपरीवर चारचारदा चहा ढोसतोस, दोन चौक जायला बस लागते. आण पुढचा पगार माझ्याकडे. महिनाभर मी चालवते. वर बायकोच्या तिकिटाचे पैसे तुझ्या हातावर ठेवते. नाही ठेवले तर बोल!"

"बरं, मावशी," तो म्हणाला. त्याला दुसरं काही बोलता यायचंच नाही.

एक तारखेला तिनं अठरा हजार मोजून घेतले. आठ हजार भाडं आधी काढलं, उरलेले डब्यात टाकले आणि शहराला वठणीवर आणायला निघाली. बायकोला पाठवायच्या तीन हजारांवर हात गेला होता, पण मुलीचं दूध आठवलं आणि तो मागे आला. बाकी कुणाची गय नाही. भाजी बाजार उठताना, अर्ध्या भावात. भाजीवाली तिला लांबून बघूनच टोपली झाकायला लागली. तांदूळ तुकड्याचा. दिवसाला एक चहा, साखर नावाला. बस बंद. चालून चालून बुटाचा तळ उघडला, तेव्हा चांभारानं साठ मागितले. तिनं चाळीस दिले आणि शिव्या फुकट दिल्या. महिना अर्धा सरेपर्यंत चष्मेवाल्याची विजार कमरेवर ठरेना.

तेवीस तारखेला डबा रिकामा झाला.

तिनं तो उपडा करून ठोकला. मग बोटांवर हिशेब मांडला. शाळा दुसरीत सुटली होती, पण बोटं कधी चुकली नव्हती. तांदूळ, दूध, वीज, चांभार. उधळपट्टी कुठेच सापडेना. पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली, आणि पहिल्याच बोटावर अडली. ते बोट भाड्याचं होतं. आतापर्यंत ती त्यावरून न थांबताच पुढे जात होती.

ती वर गेली. चष्मेवाला बोचकं बांधत बसला होता.

"लाज नाही वाटत?" ती दारातूनच कडाडली. "मी चांभाराला वीस सोडत नाही, आणि तू या खुराड्याचे आठ हजार दर महिन्याला निमूट माझ्या हातावर ठेवतोस? छप्पर गळतंय, पंखा रडतोय. शहाणा माणूस देईल का एवढे?"

"पण मावशी, तुम्हीच तर मागितले..."

"मी मागीन! मागायला माझं काय जातं? तुझ्याच्यानं व्यवहार होणार नाही, बायकोला आण. आणि नीट ऐकून ठेव, पुढच्या एक तारखेला पाच हजारांवर एक दमडी जरी जास्त दिलीस, तर सामान रस्त्यावर फेकीन!"