लाल ठिपके

मेस्त्री चहाला गेला तसा मी बायकोच्या पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि गोणपाटावर मांडलेल्या प्रत्येक गिअरला लाल ठिपका दिला. टेम्पोत बिऱ्हाड थाटून कन्याकुमारीला निघालो होतो. कागलजवळ गिअरबॉक्स बसला.

“शोभतं का हे?” बायको म्हणाली.

“चांगला माल काढून झिजलेला घालतात हे लोक.”

जोडताना मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. एका गिअरला ठिपका नव्हता. मी मेस्त्रीचा हात धरला.

“तुमच्या गिअरचं दात गेल्यात, साहेब. माझ्या टेम्पोचा काढून घातलाय. परत येताना तेवढा देऊन जावा. तोवर माझा टेम्पो हितंच उभा.”

“आणि मी आलोच नाही तर?”

मेस्त्रीनं हात सोडवून घेतला आणि गिअर बसवायला लागला.

“बरं झालं ठिपके दिलेस,” बायको म्हणाली. “परत देताना त्यांचा कुठला ते कळेल.”